सकाळचं पहिलं पाणी घाण का येतं? सोसायट्यांसाठी तपासणीचा धागा

जलवाहिनी

मुंबईत पाणीकपात जाहीर झाली की इथे तेच प्रश्न फिरून येतात. पाण्याला वास येतो, गढूळ येतं, टँकर मागवावा का, आरओ बसवावा का. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलीत, म्हणून हा एकत्र धागा. इमारतीपुरतंच बोलू आणि जमेल तिथे आकड्यांत. धरणं कोणी बांधली नाहीत यासाठी दुसरे धागे आहेत, तिकडे भांडा.

भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा इथलं पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांतून गाळून, क्लोरिन घालून निघतं तेव्हा बहुतेक वेळा उत्तम असतं. ते बिघडतं शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये, आणि बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे ते कमी असतं.

बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच सोडतात. चावी (रस्त्यावरचा व्हॉल्व्ह) बंद झाली की उताराकडचे नळ उरलेलं पाणी ओढून घेतात, चढावरची वाहिनी रिकामी होते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या वेळी नळीला बारीक भोक असेल आणि ते भोक गटाराच्या पाण्यात बुडालेलं असेल, तर गटार आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की ते सगळ्यात आधी तुमच्या टाकीत. हेच भोक चोवीस तास दाबाखाली असलेल्या नळीला असतं तर पाणी बाहेर गळलं असतं, आत काही आलं नसतं. त्यामुळे टंचाई आणि दूषित पाणी या दोन वेगळ्या तक्रारी समजू नका. पुरवठ्याचे तास कमी झाले की नळी जास्त वेळ रिकामी राहते, एवढं साधं गणित आहे.

वर कोणी रस्त्यावरच्या जोडणीला थेट पंप लावला असेल तर बघायलाच नको. तो शेजाऱ्यांचं पाणी तर ओढतोच, शिवाय वाटेतल्या प्रत्येक भोकातून गटारही ओढतो. हे बेकायदेशीर आहे आणि गल्लोगल्ली चालतं.

तपासणी कुठून सुरू करायची ते खाली लिहितो.

जलवाहिनी

चार ठिकाणचं पाणी घ्यायचं. पाण्याच्या मीटरजवळचा नळ (नसेल तर प्लंबरकडून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून एक बसवून घ्या, तो कायम उपयोगी पडतो), सक्शन टँक (खालची टाकी, जिथून पंप पाणी वर चढवतो), गच्चीवरची टाकी आणि एखाद्या घरातला स्वयंपाकघरातला नळ. घरातला नळ फिल्टरच्या आधीचा. फिल्टरचं पाणी आणून "आमचं तर छान आहे" म्हणणारे सभासद प्रत्येक इमारतीत असतात.

प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी मोजायच्या : उरलेला क्लोरिन आणि टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये). मीटरजवळ मात्र पाणी आल्यापासून पहिल्या मिनिटाला, पाचव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला, असं तीनदा.

क्लोरिन मीटरजवळ आहे पण सक्शन टँकमध्ये शून्य, तर दोष टाकीत. टाकीत आहे आणि गच्चीवर शून्य, तर गच्चीवरची टाकी गाळानं भरलीय किंवा पाणी तिथे फार वेळ पडून राहतंय. मीटरजवळच शून्य असेल तर दोष तुमच्या जोडणीत किंवा रस्त्यावरच्या वाहिनीत. या दोघांतला फरक वेळेवरून कळतो. ४० मिलिमीटर व्यासाची, ६० मीटर लांबीची नळी धरली तर तिच्यात साधारण ७५ लिटर पाणी मावतं. मिनिटाला ४० लिटर येत असेल तर दोन मिनिटांत ती पूर्ण धुऊन निघते. घाण दोन-तीन मिनिटांत थांबली तर भोक तुमच्याच नळीला आहे असं धरून चला. पंधरा-वीस मिनिटं चालू राहिली तर बिघाड मागे, मोठ्या वाहिनीवर. मग शेजारच्या दोन-तीन इमारतींतही तेच असणार, त्यांना विचारून सगळ्यांनी मिळून तक्रार करा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मोकळा क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय. साथीच्या काळात ०.५ असलेला बरा.

शीवची_सई

क्लोरिन मोजायचा कशानं? दुकानात दोन प्रकारची किट मिळतात, एक पिवळं होणारं आणि एक गुलाबी.

टीडीएस_तात्या

पिवळं होणारं ते ऑर्थोटोलिडिनचं, बोलीभाषेत ओटी टेस्ट. स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. गुलाबी ते डीपीडीचं. थोडं महाग, पण तेच घ्या.

ओटी वापरणार असाल तर रंग कधी बघता हे महत्त्वाचं. थेंब टाकल्यावर पहिल्या काही सेकंदांत जो पिवळा दिसतो तो मोकळा क्लोरिन. पाच मिनिटांनी गडद होतो त्यात अमोनियाबरोबर बांधला गेलेला क्लोरिनही आला, आणि तो जंतू मारायला फार मंद असतो. गटारातल्या अमोनियामुळे नेमकं हेच होतं. परीक्षानळी लगेच बघितली तर पाण्यासारखी, चहा घेऊन परत आलात तर छान पिवळी, आणि वहीत लिहिलं जातं "क्लोरिन आहे". हा फरक स्वतःच एक खूण आहे : आधी रंग नाही आणि मग येतो, याचा अर्थ पाण्यात अमोनिया आहे, आणि तो कुठून आला ते शोधायला हवं.

ओटीचं रसायन हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी परत टाकीत ओतू नका.

टीडीएसच्या मीटरबद्दल. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ आहे, टीडीएस शंभराच्या आतबाहेर असतो. गटाराचा पाचशे-सहाशे किंवा जास्त. म्हणजे मीटरजवळ रोज ८० दिसतं आणि आज पहिल्या मिनिटाला १३० दिसलं, तर बाहेरचं काहीतरी मिसळलंय. गटार ६०० चं धरलं तर ८० चं १३० व्हायला त्यात सुमारे दहा टक्के गटार लागतं. यावरून उलटही लक्षात घ्या. एक टक्का मिसळलं तर आकडा पाचनं वाढेल आणि मीटरला ते कळणारही नाही, पण आजारी पडायला एक टक्का भरपूर झाला. टीडीएस कमी आहे म्हणून पाणी शुद्ध, असं आरओ विकणारा म्हणेल. तुम्ही म्हणू नका.

सेक्रेटरी_नाइलाजाने

जंतू आहेत का नाही हे घरच्या घरी कळतं का? प्रत्येक वेळी प्रयोगशाळेत पाठवणं परवडत नाही.

टीडीएस_तात्या

एच-टू-एसच्या (हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या) बाटल्या मिळतात, आत पावडर किंवा कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून कोमट जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळी पडली तर मैल्याचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. बोअरच्या पाण्यात कधी कधी मुळातच गंधक असतं, त्यामुळे तिथे फसवा निकाल येऊ शकतो. नळाच्या पाण्याला ठीक.

प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर बाटली त्यांच्याकडूनच घ्या. निर्जंतुक असते आणि आत सोडियम थायोसल्फेट असतं, ते उरलेला क्लोरिन मारतं. साध्या बाटलीत नेलं तर वाटेत क्लोरिन जंतू मारत राहतो आणि निकाल उगाच चांगला येतो. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटनं पुसा, दोन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. झाकणाला आतून बोट लावायचं नाही, वर थोडी जागा सोडायची, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. मानक सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) सापडताच कामा नये. "थोडे आहेत, चालतील" असा प्रकार नाही.

नळदमयंती

जोडणीची नळी आपली आहे हे अजून बऱ्याच कमिट्यांना माहीत नसतं. रस्त्यावरच्या वाहिनीला जिथे टॅपिंग घेतलं तिथपासून इमारतीपर्यंतची नळी ग्राहकाची. ती कुजली तर बदलायची सोसायटीनं, परवानाधारक प्लंबरकडून, महापालिकेची परवानगी घेऊन.

जुन्या इमारतींत ती जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) असते आणि गटारातून किंवा गटाराला चिकटून जाते. बाहेरून गंज, आतून गंजाच्या गाठी. गाठींमुळे दीड इंची नळीचं भोक अर्ध्या इंचाचं उरतं, म्हणजे पाणी कमी येतं. पाणी कमी येतं म्हणून कोणीतरी पंप लावतो आणि पंप लागला की घाण येते. अशा नळीवर जिथे क्लँप (भोकावर आवळायची पट्टी) मारलेला दिसेल तिथे थांबा. क्लँपच्या रबराखाली ओल राहते आणि त्याच्या दोन्ही कडांना पुढची भोकं पडतात. एका नळीवर तीन-चार क्लँप असतील तर पाचवा मारू नका, नळी बदला.

बदलताना एमडीपीई (पॉलिथिनची) किंवा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाची) घ्या. मलवाहिनीपासून आडवं अंतर ३ मीटर ठेवा म्हणतात. मुंबईच्या गल्लीत ३ मीटर म्हणजे समोरच्याचा जिना. तेवढं मिळत नसेल तर निदान मलवाहिनीच्या वरून न्या, अर्धा मीटर तरी वर, काटकोनात ओलांडा, आणि ओलांडताना मोठ्या नळीचं आवरण घाला. आवरणाच्या आत सांधा येता कामा नये. गटाराच्या आतून तर नाहीच.

चाळी आणि वस्त्यांत गटारातून वीस-वीस नळांची जुडगी जातात. तिथे एकेक नळी बदलून उपयोग नाही. सगळ्यांनी मिळून एक मोठी जोडणी गटाराबाहेरून घ्यायची आणि घराशी येऊन फाटे फोडायचे.

शीवची_सई

पण पेट्रोल पंपाशेजारी प्लास्टिकची नळी चालते का? कुठेतरी वाचलं होतं की नाही चालत.

खारफुटी

बरोबर वाचलंत. जमिनीत पेट्रोल, डिझेल किंवा सॉल्व्हंट मुरलेलं असेल तर ते पॉलिथिनच्या भिंतीतून आत झिरपतं, भोक असण्याची गरज नाही. पंप, गॅरेज, ड्रम धुणारे, जुने कारखाने, अशा ठिकाणी डीआय घ्या, आणि सांध्याचं रबरही तेलाला टिकणारं सांगून घ्या.

कारखान्यांचा विषय निघालाच आहे तर. साकीनाका, कुर्ला, धारावी या पट्ट्यात छोट्या वर्कशॉपांची गटारं आणि घरगुती गटारं एकच. वर म्हटलेल्या भोकातून मैला येतो तसं हेही येतं. उपाय मात्र वेगळा. मैल्याचे जंतू उकळून मरतात. तेल, सॉल्व्हंटसाठी उकळण्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि क्रोमियम, निकेलसारखे धातू तर पाणी आटल्यानं आणखी दाट होतात.

नाकानं काय कळतं ते सांगतो. अंड्यासारखा वास म्हणजे मैला किंवा सडलेला गाळ. रॉकेलसारखा म्हणजे तेल. क्लोरिन घातल्यावर दवाखान्यासारखा, आयोडिनसारखा वास सुटला तर फेनॉल असण्याची शक्यता. फेनॉल आणि क्लोरिन मिळून जे तयार होतं त्याची चव अगदी सूक्ष्म प्रमाणातही लागते, म्हणून मानकात फेनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. अशा वेळी आणखी क्लोरिन ओतू नका, वास वाढतच जाईल. पाणी पिणं बंद, टाकी वेगळी करा आणि नमुना काचेच्या बाटलीत द्या. प्लास्टिकच्या बाटलीत ही द्रव्यं भिंतीला चिकटतात.

मिठी काय, तळोज्याची कासाडी काय, उल्हासनगरची वालधुनी काय, सगळीकडे लोक विचारतात की कारखान्यांचं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे ना, मग नदी अशी का? ही केंद्रं जिवाणूंवर चालतात. जिवाणूंना रोज साधारण सारखं खाणं लागतं. रात्री दोन वाजता कोणी आम्लाचा टँकर मॅनहोलमध्ये रिकामा केला की पुढचे कित्येक दिवस ते जिवाणू उभे राहत नाहीत आणि जे येईल ते तसंच पुढे जातं. दुसरं, विरघळलेले क्षार जिवाणू खात नाहीत. आत गेलेला टीडीएस बाहेर तसाच. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडी ३० आणि सीओडी २५० (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची मापं, लिटरला मिलिग्रॅम) अशी मर्यादा आहे. पण आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी घेतलेल्या नमुन्यात रात्रीचा टँकर दिसत नाही. २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगानं निळे झालेले कुत्रे दिसले तेव्हा सगळ्या देशाला कळलं, कारण रंग दिसतो. रंग नसलेलं बरंच काही त्याच वाटेनं जातं.

सेक्रेटरी_नाइलाजाने

खारफुटी, माहिती छान, पण आमच्याकडे वर्कशॉप नाही, मीटरजवळ क्लोरिन ठीक येतो आणि सक्शन टँकमध्ये शून्य. टाकी २०,००० लिटरची. साफ करून घ्यायची तर माणूस म्हणतो ॲसिड टाकतो, चकाचक होईल.

नळदमयंती

ॲसिडवाल्याला गेटवरूनच परत पाठवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर बंद टाकीत एकत्र आले तर क्लोरिन वायू सुटतो, आत असलेला माणूस मरतो. ॲसिडनं सिमेंटचा प्लास्टरही खाल्ला जातो आणि पुढच्या वर्षी तिथूनच गळती.

सफाईच्या आधी टाकी का बिघडली ते बघा, नाहीतर पंधरा दिवसांत परत तेच. झाकणाची कड जमिनीपासून निदान एक फूट उंच हवी. मुंबईत बऱ्याच टाक्यांची झाकणं पार्किंगच्या लादीला समतल असतात, गाडी धुतलेलं पाणी थेट आत. ओव्हरफ्लोचा पाइप गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल तर तो आधी तोडा. जोराच्या पावसात चेंबर तुंबलं की तोच पाइप उलटा वाहतो. त्याच्या तोंडाला जाळी, आणि तोंड गटारापासून वर, मोकळ्या हवेत.

आत येणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा उंच हवं. पाणी पडल्याचा आवाज येतो म्हणून लोक नळीला तुकडा जोडून तळापर्यंत नेतात. रस्त्यावर दाब गेला की त्याच तुकड्यातून तुमच्या टाकीचं पाणी परत वाहिनीत ओढलं जातं, म्हणजे या वेळी घाण करणारे तुम्ही.

भिंतींना चीर आहे का ते बघायला टाकी जवळजवळ रिकामी ठेवून सगळ्या चाव्या बंद करा आणि शेजारच्या ड्रेनेज चेंबरमध्ये पाच-दहा किलो मीठ विरघळवून ओता. चेंबरचं तोंड गोणपाटानं थोडा वेळ अडवलं तर बरं. रात्रभर ठेवून सकाळी टाकीतल्या थोड्या पाण्याचा टीडीएस बघा. वाढला असेल तर वाट सापडली.

सफाईचा क्रम :

पाणी वीतभर उरेपर्यंत नेहमीच्या पंपानं गच्चीवर चढवा, फुकट घालवू नका. उरलेलं गढूळ पाणी वेगळ्या विजेच्या पंपानं बाहेर. दोन्ही झाकणं काही तास उघडी ठेवा आणि ब्लोअरनं हवा आत मारा. माणूस आत जाण्याआधी आणि आत असेपर्यंत ब्लोअर चालू, कमरेला दोर, वर दोन माणसं कायम. डिझेलचा पंप टाकीत उतरवायचा नाही, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो. २०२५ च्या मार्चमध्ये नागपाड्याला टाकीत उतरलेले कामगार गुदमरून गेले, तेव्हा हा भाग "होईल काहीतरी" म्हणून सोडू नका. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे कोणीही उडी मारायची नाही, आधी हवा, मग दोरानं वर, आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन.

गाळ बादलीनं काढा, भिंती नायलॉनच्या ब्रशनं घासा, साबण नको. धुवा. मग निर्जंतुकीकरण. पुस्तकी पद्धत म्हणजे टाकी पूर्ण भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन. २०,००० लिटरला १ किलो क्लोरिन, म्हणजे ३० टक्के क्लोरिनची ताजी ब्लीचिंग पावडर सव्वातीन किलोच्या वर. नंतर ते २०,००० लिटर पाणी ओतून द्यायचं. कपातीच्या दिवसांत हे पाप आहे. त्याऐवजी २०० लिटरच्या पिंपात १३५ ग्रॅम पावडर कालवा, लिटरला २०० मिलिग्रॅम होतं. निवळू द्या, वरचं पाणी फवाऱ्यानं भिंती, तळ, छताची खालची बाजू असं सगळीकडे मारा, अर्धा तास ओलं ठेवा, धुऊन काढा. फवारणाऱ्याला मास्क आणि चष्मा. ब्लोअर आहेच.

पावडर कधीची आहे ते विचारा. पिशवी उघडी पडली की महिन्या-दोन महिन्यांत तिचा जोर उतरतो. वास न येणारी, गोळे झालेली पावडर म्हणजे नुसता चुना.

कांदिवलीकर

बोअर आणि टँकरचं काय? आमच्याकडे दोन्हीचं पाणी सक्शन टँकमध्येच सोडतात.

जलवाहिनी

बंद करा. तीन पाण्यांची एक टाकी असेल तर वरची कुठलीही तपासणी तुम्हाला काही सांगू शकणार नाही, आणि रात्री बोअरचं पाणी उलट्या वाटेनं शुद्ध पाण्यात शिरायची सोय कायमची होते. "मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) आहे" हे उत्तर नव्हे, त्यात वाळूचा कण अडकला की तो उघडाच राहतो. दोन नळ्या कुठेही जोडलेल्या नसाव्यात, बस.

हिशोब करून बघा. शहरी घरगुती वापराचं माणशी १३५ लिटर धरतात, त्यातले साधारण ४५ फ्लशचे. २०० माणसांच्या इमारतीत दिवसाला ९,००० लिटर, म्हणजे जवळजवळ एक १०,००० लिटरचा टँकर रोज शौचालयात जातो. त्याला भातसावरून शंभर किलोमीटर आणलेलं, गाळलेलं पाणी कशाला? बोअर, टँकर, पावसाचं पाणी, सगळं फ्लशच्या वेगळ्या टाकीत आणि वेगळ्या नळीत. नवीन इमारतींत ही दुहेरी व्यवस्था असतेच, बऱ्याच ठिकाणी ती असूनही दोन्ही टाक्या गच्चीवर जोडून टाकलेल्या दिसतात. गच्चीवर जाऊन बघा.

कांदिवलीकर

+१. पण बोअरचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, फ्लशच्या टाक्यांचे स्क्रू गंजतात.

टीडीएस_तात्या

समुद्र आत येतोय. मुंबईचा खडक बेसाल्ट, पाणी भेगांतून चालतं. किनाऱ्याजवळ जास्त उपसलं की त्याच भेगांतून खारं पाणी सरकतं. दर आठवड्याला टीडीएस लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर ५०० आणि मे मध्ये २,००० होत असेल तर उपसा निम्म्यावर आणा, सलग सहा तासांऐवजी दिवसातून तीनदा एक-एक तास पंप, मध्ये तीन तास विश्रांती. फ्लशच्या टाकीतले पितळी आणि लोखंडी भाग काढून प्लास्टिकचे घाला.

टँकरचं पाणी नाइलाजानं पिण्याच्या टाकीत घ्यावंच लागलं तर आधी टँकरचं झाकण उघडून आत बघा. मग पाइपाचं तोंड बघा. ते दिवसभर रस्त्यावर लोळत असतं, टोकाला चिखलाची काळी कड असते, आणि सगळं लक्ष पाण्याकडे असल्यानं ती कोणी पुसत नाही. तोंड क्लोरिनच्या पाण्यात बुडवून, पहिली एक बादली बाहेर सोडून मग टाकीत. १०,००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम म्हणजे २० ग्रॅम क्लोरिन, ३० टक्क्यांची पावडर ६५ ते ७० ग्रॅम. बादलीत कालवून निवळलेलंच पाणी टाकायचं, खालचा चुना नाही. अर्ध्या तासानं मोजा. ०.२ ते ०.५ असेल तर ठीक. शून्य आलं तर आणखी तेवढंच घाला, तरीही शून्य असेल तर ते पाणी फ्लशला.

शीवची_सई

रेन वॉटर हार्वेस्टिंगचं कोणी बोललं नाही.

जलवाहिनी

कारण मुंबईत त्यावर जरा भाबडेपणानं बोललं जातं. वर्षाला दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पडतो खरा, पण चार महिन्यांत. एप्रिलपर्यंत साठवायला टाकी कुठून आणणार? शोषखड्डे जुलैत स्वतःच भरलेले असतात, कारण भूजल तेव्हा वरच असतं. बोअरचं पुनर्भरण जरूर करा, समुद्र मागे ढकलायला मदत होते, पण फक्त छताचं पाणी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये सोडलंत तर तेल थेट भूजलात.

खरा उपयोग पावसाळ्यातच आहे. ४०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर वीस टक्के घट धरून ३,२०० लिटर मिळतात. फ्लशला ९,००० लिटर लागतात, म्हणजे २८ मिलिमीटरचा दिवस पुरतो, आणि जुलैत सरासरी तेवढी असतेच. थेट फ्लशच्या टाकीत घ्या. मोसमाच्या सुरुवातीला आणि मोठ्या उघडिपीनंतर पहिले २ मिलिमीटर, म्हणजे या छताचे ८०० लिटर, बाहेर सोडायचे. कबुतरांची विष्ठा त्यातच असते.

खारफुटी

पिण्याचं पाणी पिण्यालाच ठेवायचं, हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्यात बरीच वर्षं चालू आहे, महापालिकेचं मलजल शुद्ध करून कारखान्याला वापरतात. सात नवी मलप्रक्रिया केंद्रं मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरची होतायत. ते पाणी समुद्रात न सोडता शीतकरणाला, बांधकामाला दिलं तर तेवढं तलावाचं पाणी पिण्याला सुटतं. नळ्या टाकायला हव्यात, तीच अडचण.

सेक्रेटरी_नाइलाजाने

तक्रार केली तर माणूस अकरा वाजता येतो, तोवर पाणी स्वच्छ झालेलं असतं.

चावीवाला

महापालिकेच्या १९१६ या फोनवर नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नोंदवताना "पाणी घाण येतं" एवढंच म्हणू नका. पुरवठ्याची वेळ, कितव्या मिनिटापर्यंत घाण, मीटरजवळचा क्लोरिन, शेजारच्या कोणत्या इमारतींत तसंच, हे सांगा. वॉर्डातल्या पाणी खात्याच्या सहायक अभियंत्याला तेच लेखी द्या आणि पाणी सुटण्याच्या वेळी नमुना घ्यायला सांगा. कर्मचारी चावी सोडायला त्या भागात असतोच, त्याची वेळ विचारून ठेवा. दोन स्वच्छ पारदर्शक बाटल्या, पहिल्या मिनिटाची आणि विसाव्या मिनिटाची, तारीख-वेळ चिकटवून ठेवा. शोध घेणाऱ्याला गल्लीत कुठे खणायचं ते यावरूनच ठरवता येतं. आणि तुमच्या इमारतीतच कोणी थेट पंप लावलाय का ते आधी बघा, नाहीतर पहिली नोटीस तुम्हालाच.

सेक्रेटरी_नाइलाजाने

शनिवारी प्लंबर येतोय. ओव्हरफ्लो तोडणं, झाकण उचलणं, मीटरजवळ नळ, एवढं सांगितलंय. पहिलं पाणी टाकीत जाऊच नये अशी काही सोय करता येते का त्याच खर्चात?

नळदमयंती

येते. मीटरच्या पुढे टी टाका, दोन्ही फाट्यांना बॉल व्हॉल्व्ह, एक सक्शन टँककडे, दुसरा फ्लशच्या टाकीकडे. फ्लशच्या टाकीतही नळीचं तोंड पाण्याच्या वरच ठेवायचं. वॉचमनला सांगा, पाणी आलं की पहिली पाच मिनिटं फ्लशकडे. व्हॉल्व्ह नळीच्याच मापाचे घ्या, पूर्ण भोकाचे. स्वस्तातल्या व्हॉल्व्हचं भोक आतून अरुंद असतं आणि मग पाणी कमी येतं म्हणून सभासद तुमच्याच दारात उभे राहतील.